खाजकुयलीची हजामत

हरेश्वरकाकांनी आमच्या रेवदंड्यात एकालाही कुरूप राहू दिलं नाही. माणूस त्यांच्या फोटो स्टुडिओत शिरताना कसाही असो, फोटोतून बाहेर पडायचा तो गोरा, गुळगुळीत आणि नाकीडोळी नीटस. कुणाचा दात पुढे असला तर तो मुकाट्याने आत जायचा. कुणाची मिशी एका बाजूला विरळ असली तर ती दाट व्हायची. आणि देवीचे वण! त्या काळी घरटी एकाच्या तरी तोंडावर देवीचे वण असायचे, पण काकांच्या फोटोत ते शोधूनही सापडत नसत. या माणसाने माझं कॉलेजचं वर्ष बुडवायची पक्की व्यवस्था केली होती, आणि तरीही मी त्यांच्याबद्दल चांगलंच सांगणार आहे. मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

काका तरुणपणी मुंबईला गिरगावातल्या एका स्टुडिओत कामाला होते. तिथे त्यांचं काम फोटो काढायचं नव्हतं, काढलेले फोटो सुधारायचं होतं. तेव्हा निगेटिव्ह काचेची असायची. खिडकीपाशी उतरतं मेज, त्यावर ती काच, मागून उजेड. सुईसारखी टोकदार शिसपेन्सिल घेऊन वण भरायचे आणि बारीक सुरीने नको ते खरवडायचं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी ते गावी परतले आणि बाजारपेठेत स्वतःचं दुकान घातलं. बाहेर काचेचं कपाट, आत लाकडी कॅमेरा, मागे राजवाड्याच्या जिन्याचा रंगवलेला पडदा. लग्नाच्या मुलीचा फोटो काढायचा तर चौल, नागाव, पार कोर्लईपासून लोक यायचे. ‘माझ्या फोटोमुळे एकही पोरगी घरात बसली नाय,’ असं काका छाती काढून सांगायचे. फोटो बघून होकार दिलेले नवरदेव नंतर काय म्हणायचे, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

बाहेरच्या कपाटात मधोमध नीराकाकूंचा फोटो होता. नीराकाकू म्हणजे त्यांची बायको. लहानपणी देवी येऊन गेलेल्या, दोन्ही गाल वणांनी भरलेले, डाव्या भुवईचा अर्धा भाग गेलेला. फोटोत मात्र गाल लोण्यासारखे आणि भुवया धनुष्यासारख्या. बाई स्वतः फोटोखालीच बसून गिऱ्हाइकं बघायची, तरी लोक विचारायचे, ‘ही कोण हो? कुठली नटी का?’

‘ती होय? सवत माझी,’ काकू म्हणायच्या. ‘खायला-प्यायला काही लागत नाय तिला, म्हणून ठेवलीय.’

लोक हसायचे. काकाही हसायचे. काकू हसायच्या की नाही, ते मी तेव्हा बघितलं नव्हतं.

आता माझं सांगते. मी कोकिळा, कोळीवाड्यातल्या हिरामण तांडेलाची मुलगी. एकसष्ट साली मी मुंबईला कॉलेजात होते, हॉस्टेलवर राहायचे. आमच्या वाड्यातून मॅट्रिकच्या पुढे गेलेली मुलगी मी पहिलीच. बाबांनी पाठवलं खरं, पण एका अटीवर. ‘एक वरीस जरी मागं रायलीस ना, तर पुस्तकं गुंडालायची नि घरला यायचं. मुरुडच्या सदाचं स्थळ थांबलंय.’ सदाला काही वाईट म्हणायचं नाही. घरची बोट होती, दारू पीत नव्हता. पण मला झाडं शिकायची होती. समुद्रात माझं सगळं घरदार होतंच, मला तेवढी जमिनीवरची दुनिया हवी होती. आणि बाबांचा शब्द म्हणजे नांगर. एकदा टाकला की टाकला.

त्या वर्षी आमच्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंनी प्रत्येकीला एक काम लावलं. आपापल्या गावच्या डझनभर वनस्पती गोळा करायच्या, कागदात दाबून वाळवायच्या, ओळखायच्या, नाव-गाव-कूळ लिहून आणायचं. ते नीट झाल्याशिवाय जर्नलवर बाईंची सही नाही, आणि सही नाही तर परीक्षेला बसायचं नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी वाडीतून, खाडीतून, किल्ल्याच्या तटावरून हिंडून झाडं आणली आणि जुन्या वर्तमानपत्रांत घालून पाट्याखाली ठेवली. दोन दिवस चौलला मामाकडे गेले. परत येऊन बघते तर पाट्याखाली काही नाही! माझी सगळी झाडं अंगणात, सुकत घातलेल्या बोंबलांच्या शेजारी, ओळीने. वर मीठ चोळलेलं.

‘मैनाआत्या, हे काय केलंस?’ मी किंचाळले.

‘अगो, तशीच ठेवली व्हतीस,’ आत्या म्हणाली. ‘मिठाबिगर काय टिकतंय का? बुरशी आली असती ना.’

काळीठिक्कर पडली होती सगळी. शिवाय वास. मी ती तशीच बाईंसमोर नेली, दुसरं होतंच काय! बाईंनी नाकाला पदर लावला, पण हसल्या. म्हणाल्या, ‘आता पुन्हा वाळवायला वेळ नाही. नाताळच्या सुट्टीत फोटो काढून आण. झाड जिथे उगवतं तिथेच, ओळखीच्या खुणा स्पष्ट दिसतील असे. मी ते चालवून घेईन.’

फोटो म्हटल्यावर रेवदंड्यात दुसरं कोण होतं?

हरेश्वरकाकांनी ऐकलं आणि दोन्ही हात डोक्याला लावले. जन्मात त्यांनी झाडाचा फोटो काढला नव्हता. ‘झाडाचं लगीन ठरवायचंय काय गो?’ म्हणाले. पण बाबांनी पाठवलेली कोलंबी त्यांच्या चुलीवर रटरटत होती, आणि खरं सांगायचं तर त्यांना गंमतही वाटत होती. तो अवजड कॅमेरा, तीन पायांचं तिकाटणं, काळं कापड, सगळं बैलगाडीत घालून आम्ही किनाऱ्याकडे निघालो. सोबत राजवाड्याच्या जिन्याचा पडदाही होता. मी म्हटलं, ‘काका, वाळूतली मर्यादवेल कधी राजवाड्यात उगवते का?’ वाद घालून घालून शेवटी पडदा उलटा टांगायचं ठरलं, म्हणजे नुसता पांढरा दिसेल. वाटलं, चला, जिंकले. मेली कसली जिंकतेय!

काळ्या कापडात डोकं घालून काका ओरडायचे, ‘हं, आता हलायचं नाय!’ झुडपाला. वर समुद्राचा वारा. झुडूप हलायचं, काका चिडायचे, पुन्हा ओरडायचे. खाडीत तिवराच्या झाडाखाली ते गुडघाभर चिखलात रुतले. खाजकुयलीच्या शेंगांपाशी तर कहरच झाला. त्या शेंगांवर सोनेरी, मखमलीसारखी बारीक कुसं असतात. दिसायला देखणी, पण अंगाला लागली की माणूस नाचायला लागतो. वाऱ्याने ती नेमकी काकांच्या सदऱ्यात गेली. कॅमेरा तसाच टाकून ते खाडीकडे धावले आणि संध्याकाळपर्यंत अंगाला शेण फासून ओटीवर बसले. नीराकाकू हसून हसून लोळायच्या बाकी होत्या.

माझी सुट्टी संपली तेव्हा काकांनी एस.टी.च्या थांब्यावर जाड कागदात बांधलेला गठ्ठा दिला. ‘इथे उघडू नको गो. नुकते वाळलेत, खारा वारा लागला तर डाग पडतील. तिथे जाऊनच बघ. असं काम केलंय, तुझी बाई बघतच राहील!’ रेवसहून लाँचमध्ये बसून भाऊच्या धक्क्याला उतरेपर्यंत मी तो गठ्ठा पोटाशी धरून होते. उघडला तो थेट बाईंच्या टेबलावर.

बाई बघतच राहिल्या, हे मात्र खरं.

एकेक फोटो त्यांनी भिंगाखाली धरला. मग चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘कोकिळा, मर्यादवेलीच्या पानाला टोकाशी खाच असते. बकरीच्या खुरासारखी. त्यावरूनच ती ओळखतात. इथे पान वाटोळं आहे. तिवराची श्वास घेणारी मुळं चिखलातून वर येतात. इथे चिखल सारवल्यासारखा स्वच्छ आहे. आणि हे काय आहे?’

मी बघितलं. खाजकुयलीच्या शेंगा. भेंडीसारख्या चकचकीत. एक कूस नाही.

‘या वनस्पती कुलाबा जिल्ह्यात होत नाहीत,’ बाई म्हणाल्या. ‘कुठेच होत नाहीत. बाकीच्या मी कशाबशा मान्य करते. या तीन पुढच्या सोमवारी खऱ्या आणल्यास तर सही. नाहीतर पुढच्या वर्षी बघू.’

पुढच्या वर्षी! माझं पुढचं वर्ष मुरुडला बोटीच्या मालकिणीचं होतं. त्या रात्री मला झोप कसली येते! शनिवारी पहिल्या लाँचने निघाले आणि घरी न जाता तडक बाजारपेठेत गेले. काका मेजावर वाकून कुणा मुलीचे गाल भरत होते. मी ते तीन फोटो त्यांच्यापुढे आपटले.

‘खाजकुयलीची हजामत केलीत तुम्ही! हजामत! कुणी सांगितलं होतं?’

काका गोंधळले. ‘म्हणजे? चांगली नाय झाली?’

‘अहो, तिला कुसं असतात! तुम्ही त्याच कुसांनी दिवसभर खाजवत बसला होतात, आणि तुम्हाला ती दिसली नाहीत?’

‘दिसली तर,’ काका म्हणाले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. ‘अगो, पोरींच्या मिशा मला दिसत नाहीत काय? दिसतात म्हणूनच काढतो. ते पान टोकाला फाटलेलं होतं, मी भरून दिलं. त्या चिखलात काड्या होत्या, त्या साफ केल्या. तुझी परीक्षा होती ना? माझ्या हातून कुणाचाच फोटो जसाच्या तसा गेला नाय आजवर. तुझाच कसा देऊ?’

आता या माणसाला काय म्हणावं? मी मटकन बाकावर बसले आणि रडायलाच लागले. रडता रडता सगळं सांगितलं. सोमवार, सही, बाबांची अट, सदा. मी त्याच काचा धुऊन पुन्हा फोटो छापा म्हटलं, तर काकांनी मान हलवली. पेन्सिलीचं पुसता येतं, पण सुरीने खरवडलेलं परत येत नाही.

नीराकाकू आतून हात पुसत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोटोंकडे बघितलं. ‘उन्हं हायत तोवर उठा,’ त्या नवऱ्याला म्हणाल्या. ‘तीनच तर झाडं. मी पण येते.’

त्या दिवशी पडदा नेला नाही. ‘हलायचं नाय’ असंही कुणी ओरडलं नाही. ओहोटी होती, तिवराची मुळं चिखलातून बोटांसारखी वर आली होती. काकांनी एकदा त्यांच्याकडे, एकदा काकूंकडे बघितलं आणि मुकाट्याने काळ्या कापडात शिरले. खाजकुयलीपाशी डोक्यापासून घोंगडी पांघरून गेले आणि तरी खाजवत परत आले.

रविवारी सकाळी काचा वाळून तयार झाल्या. उजेडात धरल्या तर माझा जीव भांड्यात पडला. खाच होती, मुळं होती, कुसं होती. काका काच घेऊन मेजाशी बसले. त्यांना म्हणे, कुठे धूळ बसलीय का, ते बघायचं होतं. बघता बघता उजवा हात आपसूक सुरीकडे गेला. खोटं नाही सांगत, तो हात त्यांचा राहिलाच नव्हता. मी ओरडणार तोच काकूंनी पुढे होऊन सुरी उचलली, पेन्सिल उचलली, दोन्ही कनवटीला खोचली आणि मेजासमोर फतकल मारून बसल्या.

‘दे गो ती,’ काका म्हणाले. ‘एवढंच. त्या मुळांजवळ किती ओंगळ दिसतंय बघ.’

‘दिसू दे. ते झाड त्या मुळांवर जगतंय.’

‘लोक नावं ठेवतील. म्हणतील, हरेश्वराचा हात गेला.’

काकूंनी कनवटीवर हात ठेवला. मग म्हणाल्या, ‘माझा तो बाहेरचा फोटो केलात, तेव्हा मला विचारलं होतंत?’

काकांना एकदम कळेना. ‘त्यात काय विचारायचं? तुला कुणी हसू नये म्हणून केला.’

‘मला कुणी हसत नव्हतं. लग्न होऊन आले तेव्हा या बाजारपेठेत सगळ्यांनी माझं तोंड बघितलं, दोन दिवसांत विसरून गेले. मग तुम्ही तो फोटो काचेत लावलात. रोज सकाळी मी त्याच्याखाली झाडते. तुम्हीच गावाला सांगितलंत, माझी बायको अशी असती तर बरं झालं असतं.’

काकूंचा आवाज चढला नव्हता. डोळे मात्र भरले होते. मला तिथून उठून जावंसं वाटत होतं आणि उठवत नव्हतं. काकांनी तिन्ही काचा गोळा केल्या.  मग ते उठले, आत जाऊन माझे तीन फोटो छापून आणले, ओलेच माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘एक काच उरलीय. बसतेस?’

‘अशीच?’ काकूंनी विचारलं. अंगावर घरचं लुगडं, हाताला राख.

‘अशीच बस,’ काका म्हणाले.

काकू स्टुलावर बसल्या. सुरी आणि पेन्सिल कनवटीलाच होती, ती त्यांनी काढली नाही.

सोमवारी बाईंनी तिन्ही फोटो भिंगाखाली धरले आणि सही केली. मी तिथेच टेबलाला धरून उभी राहिले. पुढे परीक्षा दिली, पास झाले, पदवी घेतली. बाबांनी सदाच्या घरी नारळ पाठवून दुसरीकडे बघा म्हणून कळवलं. सदाचं लग्न थोड्याच दिवसांत झालं आणि मुलीचा फोटो हरेश्वरकाकांनीच काढला होता. मी अलिबागला शाळेत विज्ञान शिकवायला लागले.

त्यानंतर हरेश्वरकाका बदलले वगैरे म्हणाल, तर तसं काही नाही. काकूंनी दुसऱ्याच दिवशी सुरी परत दिली, धंदा होता तो. फक्त एक झालं. ते आधी विचारू लागले, ‘कसा देऊ? हाय तसा, की माझ्या हातचा?’ सगळे म्हणायचे, तुमच्या हातचा. माणसं ती माणसंच. बाहेरच्या कपाटातली ती गुळगुळीत बाईही काकूंनी हलू दिली नाही. ‘असू दे सवतीला, गिऱ्हाईक आणते,’ म्हणायच्या. पण आता तसं म्हणताना त्या खरोखर हसायच्या. त्या रविवारी काढलेला स्वतःचा फोटो त्यांनी चुलीशेजारी खिळ्याला टांगला होता. धुराने तो वर्षभरात काळवंडला.

सदुसष्टच्या पावसाळ्यात काकूंना ताप आला आणि चार दिवसांत त्या गेल्या. निरोप मिळाला तशी मी आले. दिवसकार्यासाठी भिंतीवर लावायला तसबीर हवी होती. शेजारच्या येसूबाईंनी बाहेरच्या कपाटातला फोटो काढून पुसून ठेवला होता, हारही आणला होता. ‘केवढी छान दिसते!’ त्या म्हणाल्या.

काका कोपऱ्यात बसले होते. एकदम खूप म्हातारे दिसत होते. ‘ती नको,’ म्हणाले. ‘ती मी केलेली. मला जी होती ती पायजे.’ मग माझ्याकडे वळले. ‘कोकिळे, फळीवर तुझ्या झाडांची पेटी हाय. त्यात बघ.’

पेटीत काचा ओळीने उभ्या लावलेल्या होत्या. तिवर आणि खाजकुयली यांच्यामध्ये नीराकाकू होत्या. मी ती काच पुसून त्यांच्या हातात दिली. काकांनी मला काही करू दिलं नाही. अंधाऱ्या खोलीत जाऊन त्यांनी स्वतः छापला आणि ओला फोटो दोन्ही हातांवर घेऊन खिडकीशी आले. अंगावरचं घरचं लुगडं, कनवटीला सुरीची मूठ, अर्धी भुवई. काकांना आता बारीक दिसत नव्हतं. त्यांनी तो माझ्यापुढे धरला.

‘तुझ्याकडे भिंग असतंय ना? नीट बघ गो,’ म्हणाले. ‘एखादा वण ऱ्हायला तर नाय ना यायचा?’

मी पिशवीतून भिंग काढलं आणि दोन्ही गाल सावकाश तपासले.

‘नाही काका,’ मी म्हटलं. ‘सगळे आलेत.’